आडवाटेला, पण गादीवर

नव्वद सेंटिमीटर पाण्यातून जाणाऱ्या गाडीच्या जाहिरातीत आत बसलेल्या कुटुंबाचे कपडे नेहमी पांढरेशुभ्र असतात. मुलं खिडकीबाहेर बघून हसत असतात. कुणाला उलटी होत नसते, कुणाची बॅग दुसऱ्याच्या पायावर पडलेली नसते आणि ‘अजून किती लांब?’ असं कुणीही विचारत नसतं. हे कुटुंब गाडीसोबत मिळत नाही, ही गोष्ट ब्रोशरवाले सोयीस्करपणे गाळतात. मला माझंच न्यावं लागणार आहे.

बेत साधा होता. डांबर संपतं तिथून पुढे, आठवडेच्या आठवडे भटकायचं आणि कंबर, गुडघे व संसार शाबूत ठेवून परत यायचं. गाडी ऑफ-रोड हवी ही माझी अट, आलिशान हवी ही बायकोची. दोन्ही अटी एकाच गाडीत मावतात, पण एकमेकींची जागा खातात.

सुरुवात पाण्यापासून झाली. कुठली गाडी किती खोल पाण्यातून जाते, याचे आकडे मुलाने पाठच केले होते. लँड रोव्हरची नवी डिफेंडर ९०० मिलिमीटर, ग्रेनेडियर ८००, मर्सिडीजची जी-क्लास ७००. नऊशे म्हणजे धाकटीच्या खांद्यापर्यंत. माझ्या आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पण इतक्या पाण्यात जायचंच कशाला? ओसरेपर्यंत थांबता येत नाही का?” यावर ब्रोशरमध्ये उत्तर नव्हतं. गंमत म्हणजे जाणकारही तेच सांगतात: पाण्याला ओढ असेल तर थांबा, आणि खोली ठाऊक नसेल तर आधी कुणीतरी पायी उतरून बघा. पायी कोण उतरणार यावर आमच्या घरात एकमत आहे. दुसऱ्या कशावरही नाही.

मग मेव्हणा आला. मेव्हण्याची स्वतःची गाडी आजवर स्पीडब्रेकरपेक्षा उंच काही चढलेली नाही, पण लॅडर फ्रेमबद्दल, म्हणजे बॉडीखालच्या शिडीसारख्या सांगाड्याबद्दल, तो भावुक होतो. “जिला लॅडर फ्रेम नाही, ती ऑफ-रोडर नाही,” असं तो सोफ्यावर मागे रेलून म्हणतो. त्याच्या मते, १९४८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात पहिली लँड रोव्हर मांडली तेव्हा जग बरं होतं. जानेवारी २०१६ मध्ये जुन्या डिफेंडरचं उत्पादन थांबलं तेव्हा बिघडलं, आणि २०१९ मध्ये नवी डिफेंडर मोनोकॉक, म्हणजे सांगाडा आणि बॉडी एकच, होऊन आली तेव्हा बुडालं. जिम रॅटक्लिफ नावाच्या उद्योगपतीलाही ती जुनी गाडी गेल्याचं असंच दुःख झालं. पण त्याने सोफ्यावर न रेलता तशीच दणकट, लॅडर फ्रेमवाली नवी गाडी काढली आणि लंडनमधल्या ज्या पबमध्ये बसून ही कल्पना सुचली, त्याचंच ग्रेनेडियर हे नाव तिला दिलं. हे कळल्यापासून मेव्हण्याचं मत पक्कं आहे. बसल्या जागी जन्मलेल्या कल्पनांबद्दल त्याला आधीपासूनच आदर आहे.

आता मोनोकॉक गाडीही खडक चढते, आणि डांबरावर ती जास्त शहाण्यासारखी वागते. आमच्या प्रवासातला निम्म्याहून जास्त रस्ता डांबरीच असणार, हे मी मेव्हण्याला सांगितलं. त्याने माझ्याकडे वाया गेलेल्या भाच्याकडे बघावं तसं बघितलं.

बायकोचं मन रिमवर बसलं होतं. बावीस इंची, काळे, चकाकते. खरंच देखणे. अडचण अशी की चाकाची बाहेरची उंची जवळपास तेवढीच राहते, म्हणून रिम जितकं मोठं तितकं रबर पातळ. वाळूत किंवा दगडांवर हवा कमी करून टायर पसरवायचा असतो. पातळ टायरला पसरायला अंग कुठून आणायचं? शिवाय फाटला, तर त्या मापाचा टायर आडगावात मिळायची शक्यता किती? मी अठरा इंचीचा आग्रह धरला. “साडीला काठ नको असं म्हणतोयस तू,” ती म्हणाली. या वाक्याला तांत्रिक उत्तर देता येत नाही.

टेस्ट ड्राइव्हला सगळे गेलो. विक्रेत्याने लोखंडी उतरणी, लाकडी ओंडके आणि एक बेताचा चिखल असा छोटा आखाडा मांडला होता. गाडी एका बाजूला इतकी कलली की मला आकाश आणि बायकोला जमीन दिसू लागली. विक्रेता मात्र शांत आवाजात समजावत होता की एक चाक अधांतरी असलं तर डिफरेन्शियल लॉक नसलेली गाडी सगळी ताकद त्या अधांतरी चाकालाच देऊन मोकळी होते. लॉक लावलं की जमिनीवरच्या चाकालाही हिस्सा मिळतो. जी-क्लासला अशी तीन लॉक असतात, ही माहिती मुलाने त्या तिरक्या अवस्थेतही पुरवली. मागे आई बसली होती. तिच्या सीटला मसाजची सोय होती आणि ती कुणीतरी चालू केलेली होती. ओंडके ओलांडून झाल्यावर ती म्हणाली, “ते मशीन बंद कर रे. रस्ता करतोय तेवढं पुरे.”

उतरताना तिला स्टूल लागलं. विक्रेता लगबगीने म्हणाला, “मॅडम, एअर सस्पेन्शन आहे, गाडी खाली बसते.” गाडी खरंच खाली बसली. आईला ही एकच गोष्ट मनापासून आवडली. मेव्हण्याला नेमकी तीच नावडली, कारण जे फुगतं ते कधीतरी फुटतं. निर्मनुष्य जागी हे वाक्य आठवून झोप लागणार नाही, एवढा न्याय मी त्याला देतो.

तिसऱ्या रांगेचा प्रश्न एका वाक्यात संपला: सीट उभ्या केल्या की मागे सामानाला जागा उरते ती जेमतेम, तेव्हा आपण पाचच जण जाणार आणि मेव्हणा येणार नाही. त्याला तसंही यायचं नव्हतं.

मधेच मला गुंथर होल्टोर्फ सापडला आणि मी घरात गोंधळ वाढवला. या जर्मन गृहस्थाने मर्सिडीजच्या ‘३०० जीडी’मधून २०१४ पर्यंत, २६ वर्षांत, जगभर जवळपास नऊ लाख किलोमीटर केले. गाडीचं नाव ओटो. बराच काळ पत्नी सोबत. झोपायचे गाडीतच. इंजिन ८८ अश्वशक्तीचं! ओटो आता स्टुटगार्टच्या मर्सिडीज संग्रहालयात उभा आहे. “आणि आपण चारशे अश्वशक्तीवर वाद घालतोय,” मी टेबलावर हात आपटून म्हणालो. बायकोने विचारलं, “त्यांच्यासोबत त्यांची आई होती?” नव्हती. “मग ओटोला कशाला मधे आणतोस?”

तरी साध्या यंत्राचा मुद्दा मला पटतो. जी गाडी टचस्क्रीनवर विचारल्याशिवाय काच खाली करत नाही, ती वाळवंटात रुसली तर पाना काय कामाचा? आधुनिक डिझेल इंजिनांना गंधक जवळजवळ नसलेलं डिझेल लागतं आणि बऱ्याच जणींना वर धूर स्वच्छ करणारं अ‍ॅडब्लूही पाजावं लागतं. दूरच्या पंपावर पिंपातून हाताने ओतलेलं डिझेल काय दर्जाचं आहे हे कुणाला विचारणार? १९८४ पासून चालत आलेली लँड क्रूझर ७० म्हणूनच आडवाटेवरच्या लोकांना प्रिय आहे. बायकोला तिचा फोटो दाखवला. “ही आपल्याला न्यायला आली आहे की टाकायला?” तिने विचारलं.

शेवटी मुलाने वही काढली. गाडीचं स्वतःचं वजन आणि परवानगी असलेलं कमाल वजन, यातला फरक म्हणजे पेलोड, आणि आमच्या यादीतल्या गाडीचा तो धरला ६५० किलो. मऊ सीट, काचेचं छप्पर, बावीस स्पीकर हे सगळं आधीच गाडीच्या वजनात जाऊन बसलेलं असतं. उरलेल्यात माणसं आणि प्रवास. छतावरचा तंबू ६५. तो बसवायचा सांगाडा ३०. पाणी साठ लिटर, म्हणजे सरळ ६०. जादा डिझेल कॅनसकट ४०. दुसरी स्टेपनी ३५. विंच, म्हणजे अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र, आणि लोखंडी बंपर ९०. मागचे खण ५५. फ्रिज १५. बॅगा, फावडं, दोरखंड, सावलीचं कापड मिळून ७५. छतावर चालत्या गाडीत डिफेंडरला १६८ किलो चालतात, म्हणून वरचं तरी निभलं. मग पाच माणसं मांडली. बेरीज मर्यादेच्या ९० किलो वर गेली.

तासभर भांडलो. कुणी विंच काढली, कुणी परत घातली. आईने स्वतःची उशी मागे घेतली आणि सगळ्यांना अपराधी वाटायला लावलं. तेवढ्यात मुलगा ओरडला, “थांबा! युरोपच्या नियमात गाडीच्या वजनात चालक धरलेलाच असतो! बाबांना आपण दोनदा मोजलं!”

केवढा आनंद झाला. बायकोने विंच परत लिहिली, आईने उशी.

“किती किलोचा चालक धरतात?” धाकटीने विचारलं.

“पंचाहत्तर.”

मग कुणीच काही बोललं नाही. चौघं माझ्या पोटाकडे बघत होते. मी नव्वद किलोचा आहे, हे मीच वहीत लिहून दिलं होतं. मुलाने वजाबाकी केली. पंधरा किलो अजूनही जास्त.

“फ्रिज पंधराचाच आहे ना?” बायको म्हणाली.

मतदान झालं. गाडी कोणती घ्यायची ते अजून ठरायचंय. फ्रिज येतोय.