मांजर मुद्दाम करत नाही

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज वाचला आणि हातातला चहा तसाच गार झाला. खालच्या मजल्यावरच्या एका घरातला बोका पंधरा दिवस सोफ्यावर मुतत होता म्हणून काल रात्री त्याला पोत्यात घालून मासळी बाजारात सोडून आले. खाली सहा-सात अंगठे, आणि एकाचं, "बरं केलंत, मुद्दाम करतात."

अरे तीन वर्षं गादीवर झोपलेला बोका आहे तो! बाजारातले बोके त्याला एक रात्र तरी टिकू देतील का? आणि पाळलेलं जनावर असं उपाशी मरायला सोडणं हा प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धच्या १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, पण तो बाजूला ठेवा, मला त्या "मुद्दाम" शब्दाचा राग आलाय.

कारण तो शब्द मीपण वापरलाय. चार वर्षांपूर्वी आमच्या खंडू बोक्याने आईच्या गोधडीवर केलं. आईने स्वतःच्या जुन्या नऊवारीची शिवलेली गोधडी ती, माझं डोकंच फिरलं, पेपरची गुंडाळी करून त्याच्या पाठीवर दोन हाणले. तो पळाला नाही. तिथेच बसून राहिला आणि खालून चाटत राहिला. दुसऱ्या दिवशी बाथरूममध्ये, मग बेसिनमध्ये, मी आपली फिनेल ओतून पुसतेय आणि कपाटाखाली डांबर गोळ्या टाकतेय. तिसऱ्या दिवशी तो ट्रेमध्ये बसला, वाळू उकरली, जोर केला आणि असा ओरडला की मी गॅस बंद करून धावले. बाहेर येऊन पांढऱ्या टाइलवर दोन थेंब. गुलाबी.

डॉक्टरांनी पोटाला हात लावला मात्र, म्हणाले मूत्राशय दगडासारखं झालंय, लघवीची वाट बंद झालीय, उद्या आणला असतात तर काही करता आलं नसतं. नळी घातली, तीन दिवस सलाइन. गोधडीवर केलं तेव्हा त्याला दुखत होतं हो. आणि मी मारलं.

तेव्हा कळलं, फिनेल आणि डांबर गोळ्या दोन्ही मांजरांना विषारी. फरशीवरचं पायाला लागतं, पाय ते चाटतात. अमोनियावाल्या क्लीनरने पुसलं तर त्यांना तो मुताचाच वास वाटतो, परत तिथेच जातात. मुताचा वास मुळापासून घालवणारं एंझाइमवालं क्लीनर मिळतं ते आणा, भरपूर ओता आणि मुरू द्या. नाक घासणं, ओरडणं याने फक्त घाबरतात आणि लपून करायला लागतात.

आमचा ट्रे वॉशिंग मशीनला लागून होता. मशीन पिळायला लागलं की धडधडायचं, आणि आम्ही म्हणायचो ट्रेमध्ये का जात नाही! आता बाल्कनीच्या कोपऱ्यात एक, पॅसेजमध्ये एक. जितकी मांजरं त्यापेक्षा एक ट्रे जास्त असावा, ताटलीपासून लांब, आणि रोज साफ. बिनवासाची वाळू घ्या, तो लव्हेंडरचा वास तुम्हाला आवडतो, त्यांना नाही.

उभं राहून शेपटी थरथरवत भिंतीवर फवारा मारत असेल तर गोष्ट वेगळी, ती हद्द आखणं आहे, नसबंदीचं ऑपरेशन केलं की बहुतेक बोक्यांचं ते थांबतं किंवा खूप कमी होतं. पण आधी डॉक्टर. बोका सारखा ट्रेमध्ये जातोय आणि लघवी होत नाहीये तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री न्या.

मान्य, वास भयंकर असतो. वन बीएचकेमध्ये रांगतं बाळ असेल तर जीव मेटाकुटीला येतो, डॉक्टरचं बिलही प्रत्येकाला झेपत नाही. मग ग्रुपवर विचारायचं ना! इतकी घरं आहेत, कोणीतरी आठ दिवस ठेवलं असतं, मी ठेवलं असतं.

बोका सोडून आलेल्या त्या खालच्या वहिनींना दुपारी फोन केला. भांडायचंच ठरवून केला होता. तर त्या रडत होत्या, म्हणाल्या मुलगा सकाळपासून जेवला नाही, आम्हाला कोणी सांगितलंच नाही हो. मग मला पुढे काही बोलवेना.

संध्याकाळी सहाला त्या आणि मी बाजारात जातोय, गाळे बंद व्हायच्या आत. पिवळा-पांढरा बोका, उजवा कान जरा फाटलेला, "बबड्या" म्हटलं की ओ देतो. खंडूची टोपली घेतलीय, सुकट घेतलीय. अजून दोघंतिघं टॉर्च घेऊन आलात तर बरं होईल, बर्फाच्या पेट्यांमागे अंधार असतो.