एसी सेक्शन वरच्या मजल्यावर आहे

डोंबिवली, ठाणे, बोरिवली, कुठेही राहत असा, शनिवारी सहकुटुंब बाहेर जेवायला जायचं ठरलं की घरातून साडेआठच्या आत निघू नका. साडेसातला पोहोचलात तर टेबल लगेच मिळेल आणि सगळ्यावर पाणी पडेल. ज्या हॉटेलात टेबल लगेच मिळतं तिथे काहीतरी गडबड असते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. फुटपाथवर तीस-चाळीस माणसं मोबाइल बघत ताटकळत उभी असतील तेच हॉटेल चांगलं. ते का चांगलं, हे त्या तीस-चाळीस जणांना विचारू नका. तेही गर्दी बघूनच थांबलेत.

दारात वही घेऊन एक पोरगा उभा असतो. त्याला नाव सांगा आणि 'किती जण?' म्हणाला की 'सहा' म्हणा. तुम्ही आठ आहात हे मला माहीत आहे, पण आठांचं टेबल दहा वाजेपर्यंत मिळायचं नाही. 'दोन लहान आहेत, ॲडजस्ट होतील,' असं नंतर सांगायचं. त्यातलं एक लहान अकरावीत असतं आणि दुसरं त्याच्यापेक्षा वीतभर उंच.

आपलं नाव पुकारेपर्यंत बाहेरच थांबा, असा नियम असतो. तो बाकीच्यांसाठी. तुम्ही सरळ आत शिरा आणि फिंगर बोल आलेलं टेबल हेरा. मग त्या कुटुंबातल्या सर्वांत सज्जन दिसणाऱ्या माणसाच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहा. बोलायचं काही नाही, नुसतं त्याच्या लिंबाच्या फोडीकडे बघायचं. पाच मिनिटांत त्याचा धीर सुटतो. त्यातूनही त्यांच्या धाकटीने 'मला अजून एक कुल्फी' म्हटलं, तर सौभाग्यवतींनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने 'हल्ली लोकांना विचारच नसतो' म्हणावं. तासाभराने तुमच्याही खुर्चीमागे कोणीतरी येऊन उभं राहील. त्याला मात्र मॅनर्स नसतात.

बसायचं ते एसीतच. १५ नोव्हेंबर २०१७ च्या आधी एसी हॉटेलातल्या जेवणावर १८ टक्के जीएसटी होता आणि बिनएसीत १२. त्या तारखेपासून आपल्या नेहमीच्या हॉटेलांत दोन्हीकडे ५ टक्के झाला. मग वरच्या मजल्यावरच्या मेनूकार्डात तीच भाजी महाग का, असले क्षुद्र प्रश्न विचारू नयेत. खालची आणि वरची भाजी एकाच कढईतून निघते हे खरं, पण वरची जिना चढून येते. हमाली नको का द्यायला?

वेटर पहिला प्रश्न विचारतो तो तुमच्या खानदानाबद्दल असतो: 'पाणी रेग्युलर की मिनरल?' व्याही बरोबर असतील तर मिनरल. नसतील तर साधं, आणि वर 'आम्हाला सवय आहे बाबा' असं म्हणायचं, म्हणजे ती काटकसर न वाटता प्रकृती वाटते. बाटलीवर छापलेली किंमत आणि बिलात लागणारी किंमत यांचा मेळ घालत बसू नका. हॉटेलात बसून प्यायच्या पाण्याला छापील किमतीचं बंधन नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्येच सांगून टाकलंय.

आता मेनूकार्ड. हे निवांत वाचायचं असतं. व्हेज कोल्हापुरी, व्हेज जयपुरी, व्हेज हैदराबादी, व्हेज पेशावरी अशी भारतभ्रमणाची, शिवाय सरहद्दीपलीकडचीही सोय एका पानावर असते. आत भटारखान्यात मात्र साधारण चार भगोणी असतात. एकात काजू आणि मगजबीची पांढरी ग्रेव्ही, दुसऱ्यात टोमॅटो-लोण्याची लाल मखनी, तिसऱ्यात परतलेल्या कांदा-टोमॅटोची तपकिरी, चौथ्यात पालकाची हिरवी. ती आधीच करून ठेवावी लागतात. शनिवारी रात्री भरल्या हॉटेलात तुमच्या एका भाजीसाठी कोणी कांदा चिरायला बसलं, तर ती भाजी रविवारी मिळेल. ऑर्डर आली की फोडणी, एका-दोन भगोण्यांतून एकेक पळी, उकडलेल्या भाज्या, ढवळलं, झालं. तपकिरीत तिखट वाढवून वर दोन तळलेल्या लाल मिरच्या आडव्या ठेवल्या की कोल्हापूर आलं. काजूची पळी जास्त पडली आणि वर काजूच टाकले की शाही. तांब्याच्या इवल्याशा भांड्यात आली की हंडी, आणि त्या भांड्याचे पैसे वेगळे. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर वाढलेल्या कोल्हापूरच्या पाहुण्याला ही 'कोल्हापुरी' एकदा आग्रहाने वाढाच. माणूस किती सोशिक असू शकतो ते कळेल.

एवढं कळलं म्हणून निवडीचा वेळ कमी करायचा नाही. वीस मिनिटं तरी चर्चा व्हायला हवी. वेटरला उभं करून एकेका पदार्थाची उलटतपासणी घ्या आणि ती हिंदीतच घ्या: 'भैया, ये वाला में क्या रहता है? जादा तिखा तो नहीं ना?' तो संगमेश्वरचा असतो आणि मराठीत उत्तर देतो, तरी तुम्ही हिंदी सोडू नका. 'मिडियम आहे साहेब,' असं तो म्हणेल. प्रत्येक भाजीबद्दल तो हेच म्हणतो आणि प्रत्येक वेळी ते खरं असतं. हे सगळं झाल्यावर मेनूकार्ड मिटून, जणू आत्ताच सुचल्यासारखं, 'एक पनीर बटर मसाला' सांगा. मघापासून गप्प बसलेले आजोबा तेवढ्यात 'मला दाल खिचडी' म्हणतील. साऱ्या टेबलात पोटभर आणि सुखाने जेवणारा माणूस तो एकटाच असणार आहे, पण त्याच्यावर सगळ्यांनी हसायचं. 'अहो बाबा, खिचडी काय घरी मिळत नाही?' पनीर जणू घरी मिळतच नाही.

सूप वन बाय टू. आठ माणसांत चार मनचाव घेतले की सगळ्यांना अर्धं अर्धं मिळतं आणि वरचे तळलेले नूडल्स कोणाच्या वाटीत जास्त पडले यावर थोडा कौटुंबिक जिव्हाळा निर्माण होतो. चायनीजचा संकोच बाळगायचं कारण नाही. मंचुरियन हा पदार्थ १९७५ च्या सुमारास आपल्या मुंबईतच नेल्सन वांग यांनी पहिल्यांदा केला असं सांगतात. म्हणजे तो जन्माने मुंबईकर. त्यात चिकनच्या जागी कोबी आला आणि तो उपनगरात राहायला आला.

मध्येच दिवे जातील. घाबरू नका. कोणाचा तरी वाढदिवस आहे. स्पीकरवर कर्णकर्कश गाणं लागेल, केकवर फुलबाजी पेटेल, आणि तुमच्या ताटातलं काय खाताय हे दिसत नसताना एका अनोळखी पिंट्यासाठी तुम्हाला टाळ्या वाजवाव्या लागतील. वाजवा. तुमच्या पिंट्याचाही पुढच्या महिन्यात आहे.

वेटरला बोलवायच्या पद्धती वयाप्रमाणे बदलतात. तरुणांनी 'बॉस', मध्यमवयीनांनी हवेत दोन बोटं, ज्येष्ठांनी 'शुक-शुक'. त्याने बघितलं न बघितल्यासारखं केलं तर त्याला माज आला आहे असं समजावं. तो सकाळपासून उभा आहे, दुपारी हॉटेल बंद असताना माळ्यावर तासभर आडवा झाला तेवढाच, आणि रात्री शेवटचं टेबल उठल्यावर त्याला टेबलं पुसून मग जेवायचंय, हे मनात आणू नका. नान थंड होतो. त्यापेक्षा त्याला सांगा, 'रोटी कडक भाजून आण, आणि गरम आण, आणि एकेक करून आण.' चौथी रोटी यायला उशीर झाला की मॅनेजरला बोलवा. मॅनेजर येऊन तुमच्यादेखत त्याला झापेल. एवढ्या पैशांत जेवणाबरोबर हेही मिळतं.

बिल आलं की दोन समारंभ असतात. पहिला भावोजींबरोबर. बिलाच्या पाकिटावर दोघांनी एकदम झडप घालायची, 'अहो, असं कसं, आमच्या गावात आलात' म्हणायचं आणि जो कमी जोरात ओढेल त्याने जिंकू द्यायचं. सराईत माणूस डाव्या हाताने ओढतो.

दुसरा समारंभ तपासणीचा. कोणीतरी काका चष्मा कपाळावरून खाली घेऊन बेरीज करतात, अन्न परवान्याचा १४ आकडी नंबरही एकदा त्यात धरतात आणि मग 'सर्व्हिस चार्ज' या ओळीवर त्यांचं बोट थांबतं. इथे तुमची तयारी हवी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजीच सांगितलंय की हा आकार बिलात आपोआप लावता येत नाही, तो द्यायचा की नाही ही ग्राहकाची मर्जी. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. हे सगळं उभं राहून, शेजारच्या तीन टेबलांना ऐकू जाईल असं सांगा. तुम्ही बरोबर आहात, बिल बदलून येईल, अडीचशे रुपये वाचतील. कायदा असं म्हणतो की वेटरला काय द्यायचं ते तुम्ही खुशीने ठरवा. तेव्हा बडीशेपेच्या ताटलीत खुशीने वीसची नोट ठेवा. मग ती उचलून दहाची ठेवा, कारण त्याने रोटी उशिरा आणली होती.

निघताना उरलेलं पार्सल मागायला लाजू नका. पनीर संपलेलंच असतं, पण वाटीभर ग्रेव्ही हमखास उरते. ती चांदीच्या रंगाच्या डब्यात भरून पिशवीत उभी धरायची, आडवी झाली तर रिक्षावाला ऐकवतो. रविवारी सकाळी तिच्यात तीन उकडलेले बटाटे, फ्रिजमधला मूठभर मटार आणि पेलाभर पाणी घालून एक उकळी आणा. पाहुण्यांनी विचारलं, तर बेधडक 'व्हेज डोंबिवली' म्हणून सांगा. तिखट किती, असं विचारलं तर मिडियम.