‘लॅन केबल ओढू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: “वायफाय सिक्सचा वेग ९.६ जीबीपीएस, केबलचा फक्त १. दुकानात, पतसंस्थेत लॅन (जागेतल्या संगणकांना जोडणारी केबल) ओढणं म्हणजे पैसे पाण्यात. स्विच (अनेक केबली एकत्र जोडणारा डबा) लावला की स्पीड वाटला जातो. नेट गेलं की केबल असून नसल्यासारखी. आणि ते नेटवर्कचे सात लेयर (थर) परीक्षेपुरते, कामाला शून्य.” नव्या जागेचं काम काढलेली माणसं हे वाचतात आणि भिंतीत पाइप टाकायचा राहून जातो. प्लॅस्टर झाल्यावर तो टाकणं महागात पडतं, म्हणून हे उत्तर.

९.६ हा आकडा खरा आहे, पण तो आठ स्ट्रीम (एकाच वेळी जाणारे डेटाचे प्रवाह) आणि १६० मेगाहर्ट्झ रुंद चॅनल (लहरींचा पट्टा) धरून काढलेला कागदावरचा कमाल वेग आहे. नेहमीच्या लॅपटॉपला दोनच स्ट्रीम असतात. ८० मेगाहर्ट्झवर त्याचा लिंक स्पीड, म्हणजे जोडणीचा कागदावरचा वेग, १२०१ एमबीपीएस (१००० एमबीपीएस म्हणजे १ जीबीपीएस) दिसतो आणि फाइल कॉपी करताना हाती त्याहून बराच कमी लागतो. कारण हवा सगळ्यांची एकच. ग्रामसभेत एकच माईक असावा तसं, एक बोलतो तेव्हा बाकीचे थांबतात. वायफाय सिक्सने ही वाटणी सुधारली, पण हवा सामायिक ती सामायिकच. गिगाबिट केबलवर येणं आणि जाणं एकाच वेळी चालतं, १०० मीटरपर्यंत, आणि प्रत्यक्ष कॉपीला ९४० एमबीपीएसच्या आसपास मिळतात. जुन्या घराच्या जाड दगडी भिंतीने तिला फरक पडत नाही, ५ गिगाहर्ट्झच्या वायफायला फार पडतो.

उद्यमबागेतल्या वर्कशॉपात किंवा वडगावात मागांच्या शेजारी तर केबलचा विचार आधी करावा. मोटारी आणि वेल्डिंग मशीन विजेचा गोंगाट करतात. लॅन केबलमध्ये आठ तारांच्या चार जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीला पीळ असतो. जोडीतल्या दोन तारांवर एकमेकांच्या उलटा सिग्नल जातो. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर जवळपास सारखाच चढतो. पलीकडे दोन्हींतला फरक मोजला की गोंगाट वजा होतो आणि सिग्नल उरतो. म्हणून क्रिम्पिंग करताना (केबलच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवताना) पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडू नये, आणि लॅन विजेच्या वायरसोबत एकाच पाइपात घालू नये. तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल घेऊ नका, ती मानकात बसत नाही. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. त्यामुळे एखादी तार नीट बसली नाही की लिंक पुष्कळदा १०० वर उतरते आणि लोक ‘केबल स्लो’ म्हणतात.

‘स्विचने स्पीड वाटला जातो’ हे हबच्या काळात खरं होतं. हब, म्हणजे स्विचआधीचा जोडणारा डबा, आलेली फ्रेम (डेटाचा तुकडा) सगळ्या पोर्टांवर (केबल खोचायच्या खाचांवर) सोडायचा. स्विच कुठल्या पोर्टवर कुठला मॅक पत्ता (यंत्राचा ओळखक्रमांक) आहे हे शिकतो आणि फ्रेम त्याच पोर्टला देतो. पहिल्या-दुसऱ्या पोर्टमध्ये पूर्ण १ जीबीपीएस चालू असताना तिसऱ्या-चौथ्यातही तेवढाच चालतो. वाटला जातो तो तुमचा १०० एमबीपीएसचा इंटरनेट प्लॅन, आणि तो वायफायवरही वाटलाच जातो.

आता नेट आणि लेयर. हे दोन मुद्दे एकच आहेत, आणि मेसेजने सर्वात मोठी दिशाभूल इथेच केली आहे. पतसंस्थेच्या काउंटरवरून फोन येतो, “नेट गेलंय की ओ सर, पासबुक कसं छापू?” सॉफ्टवेअरचा सर्व्हर त्याच ऑफिसात असेल तर पासबुकाला इंटरनेट लागतच नाही. काउंटरचा पीसी, सर्व्हर आणि प्रिंटर स्विचवरून आपापसात बोलतात. सर्व्हर क्लाउडवर असेल तर मात्र अडतं. कुठे अडलं हे लेयर, म्हणजे खालच्या तारेपासून वरच्या ब्राउझरपर्यंतचे थर, सांगतात. आधी पोर्टवरचा दिवा बघा. विझलेला असेल तर दोष केबल, कनेक्टर किंवा पोर्टचा. दिवा आहे, पण आयपी पत्ता (नेटवर्कवरचा पीसीचा नंबर) १६९.२५४ ने सुरू होतो? मग पीसीला डीएचसीपीकडून, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून, पत्ता मिळालेला नाही. पत्ता ठीक असेल तर राउटरला पिंग करा, म्हणजे ‘आहेस का’ असा छोटा संदेश पाठवा. राउटर उत्तर देतो पण ८.८.८.८ (इंटरनेटवरचा गूगलचा सर्व्हर) देत नाही, तर बहुधा बाहेरची लाइन गेली. ८.८.८.८ उत्तर देतं पण वेबसाइटच्या नावाने काही उघडत नाही, तर डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) तपासा. ही खालून वर जाणारी शिडी पाठ असलेला पोरगा थोड्या वेळात दोष पकडतो. नसलेला आधी विंडोज फॉरमॅट करतो.

सात थरांचं ओएसआय मॉडेल १९८४ चं, आणि इंटरनेट प्रत्यक्षात टीसीपी/आयपीच्या चार थरांवर चालतं, एवढी सवलत मेसेजला देतो. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय बेळगावातच आहे. इथल्या पोरांनी लेयर फक्त मार्कांपुरते पाठ करावेत याचं मला खरंच वाईट वाटतं. थर वेगळे ठेवण्याचं फळ लॅन केबलवर चालणाऱ्या इथरनेट या तंत्राच्या इतिहासात दिसतं. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत ते २.९४ एमबीपीएसने कोॲक्सवर (टीव्हीच्या केबलसारख्या तारेवर) सुरू झालं. पुढे पिळाच्या तारा आल्या, फायबर (काचेची तार) आली, वेग ४०० जीबीपीएसच्या पुढे गेला. खालची तार बदलली म्हणून वरचा ब्राउझर कुणाला नव्याने लिहावा लागला नाही.

मोबाइलला वायफाय हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण छतावरचा चांगला ॲक्सेस पॉइंटही (वायफाय पसरवणारा डबा) केबलवरच चालतो. पॉवर ओव्हर इथरनेटने एकाच केबलमधून त्याला डेटाही मिळतो आणि वीजही. तेव्हा प्रत्येक टेबलापाशी आणि ॲक्सेस पॉइंटच्या जागी कॅट सिक्स प्रकारची लॅन केबल न्या. दोन इमारतींमध्ये मात्र तांब्याची तार नको, तिथे फायबर टाका. वळवाच्या पावसात जवळ वीज पडली तर तांब्यातून दोन्हीकडचे स्विच जळू शकतात, काचेतून विजेचा धक्का जात नाही.