राजीनामा नोकरीचा असतो, नर्सिंगचा नव्हे

कोल्हापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: नर्सिंग, फिजिओथेरपी, लॅब टेक्निशियन झालेली नवी मुलं-मुली रजिस्ट्रेशन हातात पडलं की दोन वर्षांत निम्मी पेशा सोडतात. मुली लग्न करून घरी बसतात, उरलेल्या परदेशी जातात, म्हणजे सरकारचे पैसे पाण्यात. मी इथे नर्सिंगच्या मुलींना शिकवते. हा मजकूर वाचून पालक मुलींचे प्रवेश रद्द करायच्या गोष्टी करू लागलेत, म्हणून मुद्द्याला मुद्दा मांडते.

पहिली गोष्ट, ‘दोन वर्षांत निम्मी’. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं. 2023 साली नाव नोंदवलेल्या मुलीने दुसऱ्याच महिन्यात काम सोडलं, तरी तिचं नाव 2028 पर्यंत यादीत असणार. उलट एखादी बेळगावला लागली आणि तिने कर्नाटकच्या कौन्सिलकडे नोंद केली, तर इथल्या यादीतून नाव जाईल, पण बाई रोज वॉर्डातच उभी असेल. म्हणजे दोन वर्षांत किती जणींनी पेशा सोडला, हे आपल्या रजिस्टरवरून कळायची सोयच नाही. ब्रिटनमध्ये फिजिओ, रेडिओग्राफर, पॅरामेडिक अशा 15 पेशांची मिळून एक कौन्सिल आहे आणि तिथे रिन्यूअल दर दोन वर्षांनी होतं. त्यामुळे एका वर्षी पहिल्यांदा नोंदलेल्यांपैकी चार वर्षांनी कितीजण यादीत उरले, हे त्यांना काढता येतं. तिथल्या नर्सना तर दर तीन वर्षांनी किमान 450 तास काम केल्याचं दाखवावं लागतं. आपल्याकडे फिजिओ आणि टेक्निशियन यांच्यासाठी देशपातळीवरचा कायदाच 2021 साली आला. मग ही निम्मी मोजली कुणी?

माझा अंदाज आहे की हा आकडा राजीनाम्यांवरून उचललाय. राजारामपुरीतल्या एखाद्या छोट्या हॉस्पिटलच्या मालकाला विचारा, तो खरंच सांगेल की स्टाफ टिकत नाही. पण त्याच्याकडून गेलेली मुलगी कुठे गेली, हे त्याला ठाऊक नसतं. मला असतं, कारण सर्टिफिकेटच्या झेरॉक्सवर सही घ्यायला त्या माझ्याकडेच येतात. चंदगडकडची एक मुलगी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन अशाच एका ठिकाणी लागली. नाइटला अख्ख्या मजल्यावर एकटी. सलाईन बदलायचं, कॅज्युअल्टीची बेल वाजली की जिना उतरून धावायचं, पहाटे सगळ्यांचे व्हायटल्स (ताप, नाडी, बीपी) चार्टवर चढवायचे आणि सकाळची सिस्टर उशिरा आली तर हँडओव्हरसाठी थांबून राहायचं. पगारातून खोलीभाडं आणि मेस वजा जाता गावाकडे पाठवायला काही उरत नसे. तिने राजीनामा दिला, पोस्ट बेसिक बीएस्सी (डिप्लोमानंतरची नर्सिंगची पदवी) केलं आणि आज ती आयसीयूत आहे. पहिल्या हॉस्पिटलच्या वहीत ती ‘सोडून गेली’ अशीच असणार.

पगाराचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने 2016 साली शिफारस केली की 50 पेक्षा कमी खाटांच्या खाजगी हॉस्पिटलातही नर्सला महिना किमान 20,000 रुपये मिळावेत. माझ्या कितीतरी विद्यार्थिनींची सुरुवात त्याच्या बऱ्याच खाली झाली आहे. सरकारीत जावं तर बऱ्याच जागा कंत्राटी. 2022 च्या मे महिन्यात राज्यभरातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या, त्यात बाह्यस्रोतामार्फत भरतीला विरोध ही मुख्य मागणी होती. पेशा नकोसा झालेली बाई कायमच्या पदासाठी रस्त्यावर उतरत नाही.

परदेशाचं म्हणाल, तर जर्मनीत किंवा आखातात गेलेली नर्स तिथेही नर्सच असते. त्यासाठी इथल्या कौन्सिलकडून गुड स्टँडिंगचं, म्हणजे नोंदणी चालू आणि निर्दोष असल्याचं पत्र लागतं, म्हणजे रजिस्ट्रेशन जिवंत ठेवावंच लागतं. आखातातल्या बहुतेक जाहिरातींत दोन वर्षांच्या अनुभवाची अट असते. दोन वर्षं झाली की राजीनामे का दिसतात, याचं एक कारण हे. आणि राज्य सरकारने 2024 मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार स्वतःच केला, त्यात नर्सही आहेत. कोल्हापूरला त्यांची गरज आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. कोकणापासून सीमाभागापर्यंतचे पेशंट इथल्या सीपीआर या सरकारी हॉस्पिटलला येतात. पण त्याचा राग मुलींवर काढून काय मिळणार?

लग्नाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. बाळ झाल्यावर काहीजणी थांबतात. त्यातल्या बऱ्याच परततात, पण नाइट लावणार नाही म्हटलं की हॉस्पिटल नको म्हणतं, आणि रिन्यूअलची तारीख उलटलेली असेल तर दंड भरून कागद पुन्हा गोळा करण्यातच जीव जातो. काहीजणी तिथेच हरतात. हे खरं नुकसान आहे आणि पाळणाघर, ठरलेल्या दिवसपाळ्या, सोपं रिन्यूअल यांनी ते बरंचसं थांबवता येईल. फिरणाऱ्या मजकुरात यातलं एकही नाही.

शेवटचं ‘सरकारचे पैसे’. देशातली बहुतेक नर्सिंग कॉलेजं खाजगी आहेत. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलींची फी घरच्यांनी सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज काढून भरली आहे आणि ते कर्ज त्या पहिल्या पगारापासून स्वतः फेडतायत.