उत्तर: "दोन महिने ग्रीन टी प्यायले, हाडं आहेत तशीच"

नमस्कार मॅडम. आमच्या दुकानातल्या ग्रीन टीवर तुम्ही लिहिलेला एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत. चहा कडू लागला, भाव जास्त वाटला, हे तुमचं मत. त्यावर वाद नाही. (१०० ग्रॅमला ४२० रुपये, कपाला २ ग्रॅम, म्हणजे कप साडेआठ रुपयांच्या आत. तीच पानं दुसऱ्यांदाही चालतात. असो.) पण "हाडं ७९ टक्के वाढतात सांगून फसवलं, दोन महिन्यांनी डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) केली तर रिपोर्ट जसाच्या तसा" असं चारचौघांत लिहिलंत, म्हणून बोलणं भाग आहे.

काउंटरवरच्या कागदावर ७९ हा आकडा आहेच. तो हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीतल्या संशोधनाचा, २००९ सालचा. ग्रीन टीमधली तीन कॅटेचिनं (चहाच्या पानांतली नैसर्गिक द्रव्यं), ईजीसी, जीसी आणि जीसीजी, प्रयोगशाळेत उंदराच्या हाडपेशींवर तपासली. ईजीसीमुळे हाड बांधणाऱ्या पेशींतल्या अल्कलाइन फॉस्फटेज या एन्झाइमचं काम ७९ टक्क्यांपर्यंत वाढलं, खनिज जास्त साठलं, हाड पोखरणाऱ्या पेशी कमी तयार झाल्या. वाढलं ते एन्झाइमचं काम, हाड नव्हे. तेही बशीतल्या पेशींत. प्यायलेल्या चहातला थोडासाच अंश रक्तात पोचतो. "प्रयोगशाळेतील पेशींवर" हे शब्द त्याच ओळीत छापलेत, मॅडम.

आणि दोन महिने! जुनं हाड पोखरायला पेशींना दोन-तीन आठवडे लागतात, ती जागा भरून यायला पुढे तीन-चार महिने. म्हणूनच डॉक्टर डेक्सा सहसा वर्ष-दोन वर्षांनी परत करायला सांगतात. दोन-तीन टक्के तर मोजमापातच इकडचे तिकडे होतात, मशीन बदललं तर बोलायलाच नको. दोन महिन्यांत औषधाचा फरकसुद्धा त्यात नीट दिसत नाही, चहाचा कुठून दिसणार?

तुम्हीच लिहिलंय की आलं-दूध घालून पाच मिनिटं उकळला. ग्रीन टी अशी उकळली की कडूच होणार, आणि दुधातलं केसिन हे प्रथिन कॅटेचिनांना धरून ठेवतं. पाणी उकळून चार-पाच मिनिटं थांबा, ८० अंशांच्या आसपास आलं की पानं टाका, दोन-तीन मिनिटांत गाळा. दूध नको. लोहाची गोळी चालू असेल तर मध्ये तास-दोन तास जाऊ द्या. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व किंवा डॉक्टरांची गोळी बंद करून चहा प्या, असं इथे कोणी सांगत नाही.

कागदावरची अक्षरं मोठी करू, काउंटरवरच्या मुलांनाही समजावू. पाकीट अर्ध्याहून जास्त शिल्लक असेल तर घेऊन या, बदलून देऊ. एक स्टार ठेवायचा की नाही, ते तुमच्या हाडांच्या डॉक्टरांना हे उत्तर दाखवून ठरवा.