घर फोडून गाडी नेली तर ‘फक्त तीन वर्षं’?

चवथीला सगळे मूळ घरी जातात आणि पणजी-म्हापशाचे फ्लॅट चार दिवस कुलपात पडतात. त्याच सुमारास आमच्या ग्रूपवर एक मेसेज फिरू लागतो: “नव्या कायद्यात घर फोडून चावी उचलली, गाडी पळवली तरी चोराला फक्त ३ वर्षं आणि दुसऱ्या दिवशी जामीन. गोव्यात नाहीतरी पोर्तुगीज कायदा चालतो. विधानसभेने वेगळा कायदा करून १० वर्षं सक्तमजुरी ठेवावी. दहा जणांना पाठवा.” मला तो सहा जणांनी पाठवला.

“फक्त ३ वर्षं.” हा आकडा नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या, कलम ३०३ मधला, साध्या चोरीचा. रस्त्याकडेची स्कूटर नेली तर तो लागतो. राहत्या घरात चोरी केली तर कलम ३०५, ७ वर्षांपर्यंत. चोरीसाठी दिवसा घर फोडलं तर कलम ३३१ खाली १० वर्षांपर्यंत, सूर्यास्तानंतर फोडलं तर १४. मेसेज मागतोय त्याहून चार जास्तच. आणि हे नवंही नाही, जुन्या दंड संहितेच्या कलम ४५७ मध्येही तेच १४ होते. कौलं सरकवून उतरला, खिडकीचा गज कापला, लंपास केलेल्या चावीने कुलूप उघडलं, तिन्ही घरफोडीच. दुपारी दार सताड उघडं टाकून आपण आडवे झालो असू, तर मात्र घरफोडी म्हणता येणं कठीण. तिथे ३०५ उरतं.

तरी त्या तिनाला थोडा आधार आहे, तो मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक नसावा. असले खटले प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे चालतात, आणि त्यांना ३ वर्षांहून जास्त कैद देण्याचा अधिकारच नाही. जास्त हवी असं वाटलं तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवायचं, तिथली मर्यादा ७. कायद्यात १४ चे २० केले तरी ही दोन दारं तेवढीच अरुंद राहतील.

“दुसऱ्या दिवशी जामीन.” गुन्हा अजामीनपात्र आहे, पोलीस ठाण्यातून हक्काने सुटता येत नाही. ७ वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत अटकेऐवजी नोटीस देण्याची जी वाट आहे, तीही रात्रीच्या घरफोडीला लागू नाही. मुदतीत आरोपपत्र गेलं नाही तर जामीन द्यावाच लागतो, पण तो तपासाचा घोळ.

“पोर्तुगीज कायदा.” १८६७ ची ती नागरी संहिता लग्न-कुटुंबासारख्या दिवाणी बाबींपुरती. चोराला ती कधीच विचारत नाही. मुक्तीनंतर लवकरच भारतीय दंड संहिता इथे लागू झाली.

विधानसभा वेगळा कायदा करू शकते, हे खरं. पण फौजदारी कायदा समवर्ती सूचीत येतो, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही त्यावर कायदा करता येतो. केंद्राच्या कायद्याशी विसंगत काही केलं तर राष्ट्रपतींची संमती लागते. गुजरातने संघटित गुन्हेगारीविरोधी विधेयक पहिल्यांदा २००३ साली मंजूर केलं, पुन्हा पुन्हा बदललं, संमती आली २०१९ साली. गाडी पात्रादेवीला राज्याची सीमा ओलांडायला अर्धा तास घेते.

मग लोकांना ३ वर्षंच का दिसतात? गेल्या वर्षी शेजाऱ्याच्या एफआयआरची प्रत मी वाचली. मागच्या दाराची कडी उचकटलेली, दाराआडच्या खिळ्यावरचा चाव्यांचा जुडगा नाही, पोर्चमधली गाडी नाही. कागदावर एवढंच: “पोर्चमध्ये उभी केलेली गाडी चोरीस गेली.” कलम ३०३. कडीबद्दल एक अक्षर नाही, कारण घाबरलेल्या माणसाने आधी गाडीचंच सांगितलं आणि लिहिणाऱ्याने तेवढंच लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी तो कडीचे फोटो घेऊन परत गेला, पुरवणी जबाब दिला, तेव्हा कुठे ३३१ लागलं.