बनगरवाडीत मेन कॅरेक्टर कोण

काल रात्री टपरी बंद झाली, चहावाला बाकडं आत घेऊन गेला तरी आम्ही कट्ट्यावरच, कारण वकिलाने विषय काढला की व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी' कादंबरीत मेन कॅरेक्टर कोण. आणि उत्तरही स्वतःच देऊन मोकळा, वाडीच, त्यात विचारायचं काय, पुस्तकाला नाव पण तिचंच ना.

मला हे कधीच पटलेलं नाय. परीक्षेत असं लिहिलं की मार्क मिळतात ते ठीक, पण वाचताना आपण चालतो कोणाबरोबर? राजाराम मास्तरबरोबर. औंध संस्थानातली धनगरांची वाडी, पोरं मेंढरांमागे, शाळेत कोण येणार, आणि हे कोवळं पोरगं तिथे एकटं येऊन पडतं. सगळी गोष्ट 'मी' म्हणून तोच सांगतो. वाडीतल्या अंजीच्या चोळीवरून वाडीच्या कारभाऱ्याच्या मनात मास्तरबद्दल संशय येतो आणि म्हातारा त्याच्याशी बोलेनासा होतो तेव्हा पोटात गोळा आपल्या येतो की नाही? वाडीत तालीम बांधायचं वेड घेतो तो पण मास्तरच.

वकील म्हणे, वाडीतल्या शेकूकडे एकच बैल, दुसऱ्याच्या जागी त्याची बायको जू खांद्यावर घेते, पुस्तकाचं काळीज ते आहे आणि तिथे तुझा मास्तर नुसता सांगणारा. मी म्हटलं अरे सांगणारा नसता तर तुला ती बाई दिसली असती का?

इतका वेळ गप्प बसलेला आमचा आटपाडीकर तेव्हा बोलला. माडगूळकरांचं माडगुळं त्याच्याच तालुक्यातलं. म्हणाला, आमच्याकडं दुष्काळात माणसं गाव सोडून 'जगायला' जायची, असंच म्हणतात. शेवटी वाडी पण जगायला जाते. पुढं त्यांचं काय झालं ते पुस्तकात नाय, कारण मास्तर त्यांच्यासंगं गेला नाय.

मी उडालोच, अरे हेच तर मी मघापासून सांगतोय, मास्तरची नजर संपते तिथे कादंबरी संपते, म्हणजे ती त्याचीच!

तो म्हणाला, असंल. पण माझी आज्जी 72 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली. पुस्तक मिटलं की मला तीच आठवते, मास्तर कुठं गेला हे मी कधी बघितलंच नाय.

वकील पण गप्प. मी अजून मास्तरच म्हणतो, पण आज घरी जाऊन शेवटची दहा पानं परत काढलीयत.